आखाजीचे वळ

आमच्या घरात मार हा बोलण्याचाच एक प्रकार होता. आप्पा, म्हणजे वडील, सकाळी गोठ्यात शिरले की आधी बैलाच्या पाठीवर चाबकाची वादी ओढत. बैलानं काही केलेलं नसे. दिवस सुरू झाला, एवढंच त्याला सांगायचं असे. माय फुंकणीनं मारायची, तीही भाकरी तव्यावरून न उतरवता, एका हातानं. थोरला भाऊ हाताला येईल त्यानं मारायचा. एकदा त्यानं मला मिरचीच्या ओल्या पोत्यानं मारलं होतं आणि माझे डोळे संध्याकाळपर्यंत उघडले नव्हते. निर्मलाताई मोठी बहीण, ती वेणी घालताना फणीच्या पाठीनं टाळूवर मारायची. यात राग फार वेळा नसायचा. मारून झालं की मारणारा आणि खाणारा एकाच ताटाशी बसायचे, कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल. कुणालाच मारलं नाही असं माणूस घरात नव्हतं. मार खाल्ला नाही असे मात्र एकटे आप्पा होते. मी पुढं वर्तमानपत्रात नोकरी करताना बरीच वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या पाहिल्या. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या मजकुरात ‘किरकोळ कारणावरून मारहाण’ असे शब्द असत. ते वाचताना मला आमचं घर आठवे. तिथं किरकोळ कारणसुद्धा लागत नसे.

शेती बरी होती. तापीकाठची काळी जमीन, पपई, कापूस आणि मिरची. मिरची तोडून झाली की आप्पा ती नंदुरबारच्या बाजारात नेत. पोती ट्रॅक्टरवर चढवायला मजूर असत, पण एका हंगामात ते दुसऱ्याकडं गेले आणि आप्पांनी मला व भावाला पोती उचलायला लावली. भाऊ दुपारी सावलीत जाऊन बसला. मी उरलेली पोती चढवली. आप्पांनी शाबासकी दिली नाही, पण त्यानंतर मजूर कमी सांगितले. कॉलेजसाठी नंदुरबारला राहायला गेल्यावर खेळाच्या मॅडमनी आम्हा काही मुलींना वजन उचलण्यासाठी हमीदचाचांच्या तालमीत नेलं. बाकीच्या आठवड्यात गळाल्या. मी राहिले. हमीदचाचांचा धंदा गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, ठोकण्याचा होता. तालमीतली निम्मी वजनं त्यांनी ट्रकच्या भंगारातून स्वतः कापलेली होती आणि त्यांच्या कडा तळहात सोलून काढायच्या. बाजूलाच मिरची वाळत घालायची पथारी, म्हणजे एकरभर लाल मैदान. वारा फिरला की आत सगळे एकदम खोकायला लागत आणि वजन डोक्यावर असलेल्याची मात्र पंचाईत व्हायची.

घरी मी सांगितलं होतं की हे पोलीस भरतीसाठी आहे. ते पूर्ण खोटं नव्हतं. सुट्टीत घरी गेले की माय जास्तीची भाकरी वाढायची. “खाय वं, पोलीस व्हवानं शे ना तुले.” भाऊ म्हणायचा, “हाई पोलीस व्हयनी त पहिले मलेच आत टाकी.” हे ऐकून आप्पासुद्धा हसायचे. आमच्याकडं अंडं चालत नव्हतं. नवापूरहून येणारी अंडी हमीदचाचा कारखान्यातल्या पाण्याच्या डब्यात उकडायचे आणि मी ती पथारीच्या भिंतीला टेकून खायचे. टरफलं तिथंच मिरचीच्या देठांत पुरायचे. दोन वर्षांत माझ्या अंगात फरक पडला. खांदे रुंद झाले, गळ्याभोवतीचे स्नायू दिसू लागले, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं माप घेताना टेप दोनदा लावली. तेव्हा हमीदचाचांनी सांगितलं की आता वजन उचलण्यापेक्षा शरीर दाखवण्याच्या स्पर्धेकडं जायचं. सुरतेला एका मोठ्या व्यायामशाळेनं पुरुषांच्या स्पर्धेबरोबर पहिल्यांदाच बायकांचा गट ठेवला होता. त्या व्यायामशाळेला बायकांना शिकवायला एक बाई हवी होती आणि ती त्या गटातूनच घेणार होते. हमीदचाचांनी माझं नाव सांगून ठेवलं होतं. माझ्या दृष्टीनं गोष्ट सरळ होती. सुरतेच्या व्यासपीठावर मी चांगली ठरले तर घराबाहेर पडत होते. नाही ठरले तर पावसाळ्याआधी मला पाहायला पाहुणे येणार होते. त्यांचा निरोप येऊन गेला होता.

स्पर्धा आखाजीनंतर आठवड्याच्या आतच होती, आणि अडचण तीच होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात, पुरुषांना त्या दिवशी पत्त्यांचा जुगार माफ असतो. आमच्या गावात आणखी एक गोष्ट होती. गावाला लागून तापीला मिळणारी लहान नदी, पल्याड दुसरं गाव. आखाजीच्या दुपारी दोन्ही गावांच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. शिव्यांनी भागलं नाही की दगड. याला बार खेळणं म्हणत. नदीकडं पुरुषानं यायचं नाही हा नियम होता. बायको म्हणून कुणी बार खेळत नसे, सगळ्या लेकी म्हणून खेळत. आमच्या गावची लेक पल्याड दिलेली असली तरी त्या दिवशी ती आमच्या काठावर उभी राहायची. तिची नणंदही आपल्या माहेरी, म्हणजे पल्याड, आलेली असायची. वर्षभर जिच्यापुढं मान वर करायची नाही तिला त्या दुपारी तोंडावर वाटेल ते बोलता यायचं. दगडही मारता यायचा. आणि तिसरा नियम असा की आखाजीला बोललेलं आणि आखाजीला लागलेलं दुसऱ्या दिवशी मोजायचं नाही. डोकं फुटलेली नणंद आणि ते फोडणारी भावजय परवा एकाच चुलीशी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक असे.

मागच्या तीन आखाज्यांना मी आमच्या काठावर सगळ्यांत पुढं होते. माझा दगड पल्याडच्या काठापलीकडं जाई. या वर्षी हमीदचाचांनी मला समोर बसवून सांगितलं, “बेटी, चमडी पे एक दाग नहीं चाहिये. रंग के नीचे से भी नील दिखता है. लाईट में सब दिखता है.” रंग म्हणजे स्पर्धेआधी अंगभर फासतात तो तपकिरी रंग. त्यांनी मला माझ्याच मांडीवरचा जुना डाग दाखवला. वजनाची थाळी पडून झालेला. पहिल्या दिवशी लाल, मग जांभळा, मग काळा-निळा, मग कडेनं हिरवा आणि शेवटी पिवळा होत जाणारा. कोणता डाग कितपत जुना हे त्यांनी मला असं शिकवलं, कारण स्पर्धेपर्यंत कोणता जाईल आणि कोणता राहील याचा हिशेब करायचा होता.

“आखाजी को घर मत जा,” ते म्हणाले.

“नाही गेले तर भाऊ इथं घ्यायला येईल,” मी म्हटलं. “आणि तो आला तर तालमीतलं काय काय मोडेल, सांगता येत नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “तो जा. लेकिन देखने को जा, खेलने को नहीं.”

मी आप्पांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा पिशवीत टाकला आणि एसटीनं गावी आले.

ताई माझ्या एक दिवस आधी आली होती. तिला पल्याडच दिलेलं होतं, नदी ओलांडली की सासर. लग्नाच्या चार वर्षांत ती दोनदा पहाट व्हायच्या आत चालत घरी आली होती. दोन्ही वेळा आप्पांनी तिला चहा पाजला, जेवायला घातलं आणि म्हणाले, “चाल, ऊन चढाना आधी पोचाडी देसू.” दोन्ही वेळा त्यांनी ट्रॅक्टरवर तिच्याबरोबर मिरचीचं एक पोतं घातलं. तिच्या नवऱ्याचं नाव दिलीप. दिसायला नीटनेटका, आप्पांशी बोलताना मान खाली घालणारा, दूध संघात नोकरीला. ताई का आली होती हे घरात कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला वाटलं होतं की आपल्या घरासारखंच ते घर असेल.

आखाजीच्या सकाळी मांडे करायला घेतले. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायचा, तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरतो, मग अलगद उलट्या तापल्या खापरावर टाकायचा. ताईचा मांडा गावात नावाजलेला होता. अंगण तुपाच्या वासानं भरलं होतं, आंब्याचा रस घमेल्यात काढून ठेवलेला होता आणि त्यावर माशा बसू नयेत म्हणून मी पंखा हलवत होते. ताईनं मांडा हातांवर घेतला, तो वाढत गेला, बांगड्या मागं सरकल्या. तिच्या दोन्ही मनगटांच्या वर सोलवटलेल्या चामडीची एकेक पट्टी होती. बांगड्यांनी झाकली जाईल इतक्याच रुंदीची. मी पाहिलं. मायनं पाहिलं. मांडा ताईच्या हातांवर थांबला.

“खापर तापनं,” माय म्हणाली. “टाक.”

ताईनं मांडा टाकला. नंतर रसाचं घमेलं आत नेताना मी तिला विचारलं. ती म्हणाली, “हातनं काय देखस? पाठ देखशी त जेवाव नही.” आणि मग लगेच, माझ्या दंडाला बोट लावून, “कितलं टनक शे वं हाई. दगडच शे. आज मले पुढे उभी ऱ्हावू दे, तू मन्हा मागे ऱ्हाय.” मी म्हटलं की मला यंदा दगड लागून चालणार नाही. सुरतेचं सगळं तिला एकटीला माहीत होतं, कपड्यांसकट. तिनं मान हलवली. “मंग लांब उभी ऱ्हाय. नुसती देख.”

दुपारी आम्ही नदीवर गेलो. पात्रात पाणी नव्हतं, फक्त गोटे आणि वाळू, आणि मधोमध म्हशी बसतात तेवढं डबकं. मी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून निंबाच्या झाडाखाली थांबले. बायकांनी टोमणे मारले. “काय वं, आवंदा मागे काबर? लगीन ठरनं का?” पल्याडच्या काठावर दिलीपची बहीण सुनीता पुढं होती. ती धुळ्याला दिलेली, पण वर्षातले निम्मे महिने माहेरीच असायची.

“वो निर्मलावहिनी,” सुनीता ओरडली, “तुन्ही बहीन दाढी कधळ करस?”

“तुन्हा धनीना वस्तरा मांगी लेस ना ती,” ताई म्हणाली, आणि दोन्ही काठ हसले.

“तुन्ही मायनी भाकर आम्ही भितले लावी. भित पडी गयी, पन भाकर पडनी नही.”

“तुन्हा भाऊ म्हशीले बायको समजीसन मिठी मारस. म्हैस दूध देस नही तधळपशी.”

असं पाऊण तास चाललं असेल. पहिले दगड आले ते लहान होते, मुद्दाम आखूड टाकलेले. बाराची एक रीत होती, जी कुणी शिकवत नव्हतं पण सगळ्यांना येत होती. शिवी खोटी असली पाहिजे. जितकी घाण आणि जितकी अशक्य तितकी चांगली. जिला शिवी लागायची तीसुद्धा हसायची, कारण त्यात तिचं काहीच नसायचं. ताईनं ती रीत मोडली. मला वाटतं तिनं ठरवून मोडली नाही. तोंडाला सवय लागली होती, घसा तापला होता आणि पुढचं वाक्य आलं ते खरं आलं.

“तुन्हा भाऊ मले बैलना कासराघाई मारस,” ती म्हणाली. “दोन्ही हात बांधीसन मारस. तू घरमा ऱ्हास नि टीव्हीना आवाज वाढाई देस.”

आमच्या काठावर कुणीतरी सवयीनं हसायला लागली आणि मध्येच थांबली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं नाही. मग सुनीतानं दगड उचलला, दोन्ही हातांत मावेल एवढा, आणि तो आखूड टाकला नाही. तो ताईच्या मांडीला लागला. ताई बसली आणि बसल्या जागेवरून पुन्हा तेच वाक्य बोलली, मोठ्यानं, एक शब्द न बदलता. दगड दोन्ही बाजूंनी सुरू झाले. त्यांत आता हसणं नव्हतं. एका बाईचं कपाळ फुटून रक्त डोळ्यांत गेलं आणि ती हात पसरून चाचपडत फिरत होती. दुसरीला दात थुंकताना मी पाहिलं. मी निंबाखालीच उभी होते. मी हे लिहिते कारण ते तसं होतं. मी सुरतेचा विचार करत होते.

पत्त्यांच्या डावापर्यंत बातमी कुणी नेली ते कधी कळलं नाही. दिलीप पल्याडच्या उतारावरून खाली आला तेव्हा त्याच्या हातात बैल हाकायची काठी होती आणि पायांत चपला नव्हत्या. पुरुष नदीत उतरल्यावर बायका बाजूला झाल्या. त्याला वाट मिळाली. त्यानं पात्र ओलांडलं, ताईच्या वेणीला धरलं आणि तिला गोट्यांवरून डबक्याच्या दिशेनं ओढायला सुरुवात केली. काठी तो मोजूनमापून मारत होता, डोक्यावर नाही, तोंडावर नाही. त्याला सवय होती हे त्यावरूनच दिसत होतं. त्यानं तिचं तोंड डबक्यात दाबलं तेव्हा मी निघाले.

मी त्याच्यापर्यंत पोचण्याआधी त्यानं मला पाहिलं आणि काठी माझ्याकडं वळवली. पहिला वार मी हातावर घेतला. मग मी त्याची कंबर धरण्यासाठी वाकले आणि बाकीचे पाठीवर बसले, एकाखाली एक, सदरा फाटेपर्यंत. वजन उचलताना पाठ सरळ ठेवायची आणि जोर मांड्यांतून लावायचा असतो. मी तेच केलं. तो मिरचीच्या भरल्या पोत्यापेक्षा फार जड नव्हता. मी त्याला छातीपर्यंत घेतलं आणि नुसतं सोडलं नाही, खाली आपटलं, खांद्यावर, गोट्यांवर. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. गळ्याजवळची हासळी मोडली होती, हे नंतर कळलं. तो ओरडला तेव्हा मी त्याला पुन्हा उचलत होते. ताईनं माझा पाय धरला म्हणून थांबले. त्या मधल्या वेळात सुनीताचे दगड माझ्या पाठीवर आणि खांद्यावर लागत होते, ते मला जाणवले नव्हते. घरी आल्यावर मायनं सदरा काढला तेव्हा तो काही ठिकाणी चामडीसकट निघाला. तिनं हळद लावली. हळद झोंबली तेव्हा मी ओरडले नाही, पण सुरतेचं गेलं म्हणून रडले. मायला वाटलं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावांची जाणती माणसं आमच्या ओट्यावर बसली. चहा झाला, बिड्या झाल्या. दिलीप गळ्यात हात बांधून वडिलांशेजारी बसला होता. मध्ये आमच्या गावचे धुडकूबाबा, सगळ्यांत वयस्कर. त्यांचा शब्द दोन्ही काठांवर चालायचा. बायका दाराआड. पल्याडच्यांचं म्हणणं होतं की मुलीनं जावयाचं हाड मोडलं, याचं काय. आप्पांचं म्हणणं काहीच नव्हतं. धुडकूबाबांनी सगळं ऐकलं आणि निकाल दिला.

“आखाजीना मार नि आखाजीना बोल, दोन्ही मोजतस नही. तुन्ही हासळी मोजाव नही, नि हिना बोल बी मोजाव नही. बायकोले ली जाय.”

आप्पांनी मान हलवली. भाऊ ट्रॅक्टर काढायला उठला. तेव्हा ताई दाराबाहेर आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर.

“बाबा, आज आखाजी नही ना?”

“नही,” धुडकूबाबा म्हणाले.

“मंग आज सांगस.” आणि तिनं नदीवरचं ते वाक्य पुन्हा सांगितलं. कासरा, बांधलेले हात, टीव्ही. आवाज चढवला नाही. बोलणं संपल्यावर दिलीप हसला. त्यानं सगळ्यांकडं पाहून मोकळा हात पसरला.

“बाबा, हिना आंगवर जे शे ते सम्दं कालना दगडसनं शे. कोनले लागनं नही काल? घरोघर बाया सुजीसन पडनात.”

हे खरं होतं. गावात त्या सकाळी डाग नसलेली बाई सापडली नसती. धुडकूबाबांनी ताईकडं पाहिलं. “तो म्हनस ते बी शे ना, पोर. कालनं कोनतं नि जुनं कोनतं, कोन सांगी?”

मी ताईची पाठ पाहिलेली नव्हती. ती मला दाखवत नव्हती. पण तिचं ‘जेवाव नही’ मला ऐकू येत होतं, आणि डाग कसे जुने होतात ते मला माहीत होतं. मी बाहेर आले.

“बाबा, मन्ही पाठवर जे शे ते कालनं शे. आख्ख्या गावनी देखं. हिनी पाठ मन्ही पाठजोडे देखा. दोन्ही सारख्या व्हयन्यात त हिले आजच धाडी द्या.”

“पाठ दखाडशी? मानसंसमा?” भाऊ माझ्या अंगावर आला. त्याचा हात वर गेला होता. आप्पा म्हणाले, “बस तू.” त्यांनी कुणाची बाजू म्हणून ते म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. भाऊ बसला.

मी भिंतीकडं तोंड केलं आणि अंगातला दुसरा सदरा मागून खांद्यापर्यंत वर घेतला. शेजारी ताईच्या ब्लाऊजचे हूक निघाल्याचा आवाज आला, एकेक. तिनं पुढून साडी छातीशी घट्ट धरली आणि पाठ मोकळी केली. डोक्यावरचा पदर मात्र तिनं पडू दिला नाही, तो दातांत धरला. मागं कुणीतरी खाकरलं. मग धुडकूबाबा म्हणाले, “मन्हा चष्मा लयी या रे कोनी,” आणि त्यांचा मुलगा चष्मा आणायला घरी गेला. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. चष्मा येईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो.

शरीरसौष्ठवात एक फेरी असते. दोन स्पर्धकांना शेजारी उभं करतात, पाठ करायला सांगतात आणि परीक्षक दोन्ही पाठी ताडून पाहतात. माझ्यावर पुढं जे थोडंफार छापून आलं त्यात असं लिहिलेलं आहे की मी पहिल्यांदा अशी उभी राहिले ती सुरतेला, आणि जिल्ह्यातून अशी उभी राहिलेली मी पहिली बाई. दोन्ही माहिती चूक आहे. सुरतेला मी गेले, रंगाच्या दोन थरांखालून वळ दिसत होते, परीक्षकांपैकी एकानं पुन्हा पाठ करायला सांगितली आणि चौघींत मी चौथी आले. ती नोकरी दुसऱ्या एकीला मिळाली. पाहुणे मात्र हासळीची गोष्ट ऐकून आलेच नाहीत. जिंकायला लागले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

चष्मा यायला वेळ लागत होता. भिंतीचा चुना माझ्या नाकापासून वीतभरावर होता. ताई दातांतला पदर न सोडता हळूच म्हणाली, “कितला टाइम उभं ऱ्हावनं पडस वं तुले तठे?”

“ते सांगतस तवपावत,” मी म्हटलं.

“दुखस का?”

“दुखस.”

“हाऊं,” ती म्हणाली, आणि पाय थोडे फाकून नीट उभी राहिली.

चष्मा आला. धुडकूबाबा उठले, काठी टेकत आमच्या मागं आले आणि आधी माझ्याजवळ थांबले, मग ताईजवळ. तिच्याजवळ बराच वेळ थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. “हाई लाल शे,” ते माझ्याबद्दल म्हणाले. मग, “हाई जुनं शे. पिवयं पडी गयं. हाई एक डावनं बी नही.” ते परत जाऊन बसले आणि दिलीपच्या वडिलांना म्हणाले की पोर इथंच राहील. ताई पुन्हा पल्याड गेली नाही. पल्याडच्यांनी दिलीपला पुढच्या वर्षी दुसरी बायको केली. तिच्या पाठीबद्दल माझ्याकडं माहिती नाही.

मी सदरा खाली केला. आमचं काम झालं असं मला वाटलं. पल्याडची माणसं पायताणं शोधू लागली होती. ताई हलली नाही. तिनं पदर दातांतून सोडला, पण तो डोक्यावरच राहिला.

“बाबा, तुम्ही देखं,” ती भिंतीला म्हणाली. “आते एकेक जन या. सम्दासनी देखा.”

कुणी उठेना. तीही वळेना. मग आमच्या गावचे एक काका आले, पाहून गेले. मग दुसरे. पल्याडचे दोघं आले, एकानं येताना टोपी काढली. दिलीपचा बाप आला आणि न थांबता पुढं निघून गेला. भाऊ आला, उभा राहिला आणि ओट्यावरून खाली उतरून गोठ्याकडं गेला.

सगळ्यांत शेवटी आप्पा उठले.